व्हिसा अर्जातील जन्मदाखला

कुटुंबीयांसोबत परदेशात दीर्घकाळ राहण्यासाठी व्हिसा मागताना नाते व वय सिद्ध करण्याकरिता बहुधा जन्मदाखला जोडावा लागतो. पारपत्र, छायाचित्रे, बँकेचे विवरण लवकर जमते. घोडे अडते ते याच कागदापाशी.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार खेड्यातील जन्माची नोंद महाराष्ट्रात ग्रामपंचायत ठेवते. जुन्या नोंदींत बाळाच्या नावाचा रकाना पुष्कळदा रिकामा आढळतो, कारण नोंद झाली तेव्हा बारसे झालेले नसे. अधिनियमाच्या कलम १४ नुसार असे नाव पुढे दाखल करता येते.

जन्मस्थळाचा घोळ वेगळाच. अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीकाठी बेलापूर आहे. नवी मुंबईतही बेलापूर आहे. आणि 'बेलापूर' हे रेल्वे स्थानक प्रत्यक्षात श्रीरामपूर शहरात आहे. म्हणून गावासोबत तालुका व जिल्हाही लिहिणे इष्ट. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलल्याने जुन्या दाखल्यावर 'अहमदनगर' दिसते. तो दोष नव्हे, परंतु परदेशी अधिकाऱ्यास हा बदल ठाऊक असेलच असे नाही. अर्जात तसा खुलासा करणे श्रेयस्कर.

भारतात हेग अपोस्टिल करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. बहुतेक सदस्य देशांसाठी राज्य शासनाच्या साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते. इतर देशांसाठी त्यांच्या वकिलातीचेही साक्षांकन लागते. नावातील किंवा तारखेतील दुरुस्ती त्यापूर्वीच करून घ्यावी, कारण दुरुस्त दाखला नव्याने निघतो आणि त्यावर सर्व शिक्के पुन्हा घ्यावे लागतात.