सरकारी माहिती आपल्या भाषेत: कायदा काय सांगतो, काय मागायचं?

गावाजवळ मोठी खाण किंवा कारखाना येणार म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचा आणि जमिनीचा. उत्तर अहवालात असतं, पण अहवाल इंग्रजीत. म्हणून कोणता कागद मराठीत मागता येतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

जनसुनावणी: २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जिथे जनसुनावणी लागते, तिथे अहवालाचा सारांश इंग्रजीसोबत स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. तो जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. शेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून, समजावून सांगावा लागतो. तो ऐकल्याशिवाय उठू नका. आपली हरकत नोंदली गेली का, ते तिथेच कळतं.

याच अधिसूचनेच्या जागी २०२० मध्ये केंद्राने नवा मसुदा आणला, तोही हिंदी-इंग्रजीत. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली.

माहितीचा अधिकार: २००५ च्या कायद्यात कलम ४(४) नुसार माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करायचा आहे. कलम ६ नुसार अर्ज मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. तो लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तराची मुदत साधारण ३० दिवस.

शेतीची माहिती: किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१. फोन मोफत, सकाळी ६ ते रात्री १०. मराठीत बोलता येतं.

मराठी मिळाली म्हणजे सगळ्यांचं भागलं असंही नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे भिली बोलतात. या भाषा आठव्या अनुसूचीत नाहीत. मात्र कलम ४(४) मध्ये शब्द ‘स्थानिक भाषा’ असा आहे, अनुसूचीची अट नाही. त्यामुळे ग्रामसभेत किंवा सुनावणीत आपल्या बोलीत समजावून सांगणारा माणूस हवा, अशी मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.