फ्लॅम कुठल्या हाताने?

चिखला म्हटलं की भंडारा जिल्ह्याबाहेरच्या माणसाला फार तर मँगनीजची खाण आठवेल. पण वरात तिकडेही निघते, वरातीत बँड असतो आणि बँडमध्ये साइड ड्रम. त्याचाच भाऊबंद मुंबईत एनसीपीएच्या हॉलमध्ये, २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियात, स्नेअर म्हणून वाजतो. घराणं एकच, पण एका बारीकशा ठोक्यावरून दोन पंथ पडले. तो ठोका म्हणजे फ्लॅम.

एक काठी कातड्याजवळून हलकेच टेकते आणि लगेच दुसरी वरून जोरात पडते. कानाला दोन नाही, एकच 'जाडसर' ठोका लागतो. नोटेशनमध्ये मोठ्या स्वराआधी एक चिमुकला स्वर, बस्स! मोठा ठोका उजव्याने की डाव्याने, हे बहुतेक संगीतकार लिहीतच नाहीत.

आता थोडा इतिहास. हा ड्रम मुळात पायदळाचा. पट्ट्याने अडकवून शरीराच्या बाजूला तिरका लोंबायचा, म्हणून 'साइड'. तिरका म्हणूनच डावी काठी तळहात वर करून धरायची पद्धत पडली. आपल्याकडे तो इंग्रजी पलटणींबरोबर आला. नागपूरजवळची कामठी छावणी १८२१ ची. पलटणी शिस्तीत फ्लॅम आळीपाळीने वाजतात: एकदा उजवा, एकदा डावा. दोन्ही हात सारखे तयार होतात. अमेरिकेत १९३३ साली अशा वादकांची संघटना झाली. तिच्या २६ मूलभूत पाठांत फ्लॅम होता, १९८४ च्या ४० च्या यादीतही आहे.

ऑर्केस्ट्रात निकष बदलतो. दोन हातांचं वजन आणि काठी पडण्याची जागा थोडी तरी वेगळी असतेच. रस्त्यावर ते कोणाला कळत नाही, शांत हॉलमध्ये कळतं. म्हणून बरेच वादक सगळे फ्लॅम एकाच हाताने घेतात. आवाज एकसारखा!

मग कायम तेच करावं? इथे आम्हा प्रोग्रामर मंडळींचा लाडका सम-विषमचा खेळ येतो. हात आळीपाळीने चालले आणि दर चौथ्या ठोक्याला फ्लॅम असला, तर तो आपोआप त्याच हातावर येतो. दर तिसऱ्याला असला, तर हात बदलतो. तिथे उजवाच हवा असेल तर कुठेतरी एका हाताने लागोपाठ दोन ठोके मारावे लागतात. लय वाढली की नेमकं तिथेच अडखळायला होतं. म्हणजे आवाजाचा सारखेपणा की लयीचा, यातलं एक निवडा.

थोडक्यात, संथ आणि सुटे फ्लॅम असतील तर एकच हात. जलद आणि विषम असतील तर आळीपाळी. पलटणीची शिस्त म्हणजे अडाणीपणा नव्हे, आणि हॉलमधली म्हणजे नखरा नव्हे. ऐकणारा किती जवळ बसलाय, एवढाच प्रश्न.

२९ जानेवारीला बीटिंग रिट्रीट लागतं, तेव्हा ड्रमवाल्यांच्या हातांकडे जरूर बघा.