क्लच कुठं गेला? गिअरच्या भांडणाची गोष्ट

गेल्या आठवड्यात गडचिरोलीहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. नवी नोकरी लागलीय, थोडे पैसे साठलेत, आणि सेकंड हँड का होईना, पण पळणारी गाडी घ्यायचीय. समोर दोन गाड्या आहेत. एक फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, दुसरी अबार्थ पुंटो. पहिली ऑटोमॅटिक, दुसरी मॅन्युअल. पोरगा म्हणतो, "भाऊ, मले पोलो आवडली जी. पण मित्र हसून राहिले. म्हणतात, ऑटोमॅटिकच घ्याची तं स्कूटी घे ना!"

तर आजचा भाग या हसण्यावर. हे हसणं आलं कुठून?

माझ्या घरापासून सुरू करतो. माझे बाबा ट्रक चालवायचे. आलापल्लीकडच्या जंगलातून बांबू भरायचा आणि बल्लारपूरला पेपर मिलवर उतरवायचा. ट्रक जुना. गिअर बदलायचा तर डबल क्लच मारावा लागे. म्हणजे क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, खालचा गिअर हवा असेल तर थोडी रेस द्या, परत क्लच दाबा आणि मग गिअर टाका. चुकलं की गिअरबॉक्स असा ओरडायचा की बाजूच्या टपरीवरचा माणूस वळून बघायचा. ज्याच्या हातून आवाज न होता गिअर पडतो, तो ड्रायव्हर. बाकीचे नुसते स्टिअरिंग धरणारे. हा अभिमान उगाच नव्हता. यंत्र अवघड होतं आणि त्याला वश करायला वर्षं लागायची.

कारमधली ही कसरत लवकर कमी झाली. १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला, म्हणजे गिअर जुळायच्या आधी त्यांचा वेग आपोआप एकसारखा करणारी सोय. पुढे १९३९ मध्ये जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक आणलं. चार गिअर, क्लचचं पेडल नाहीच. दुसऱ्या महायुद्धात हेच गिअरबॉक्स अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसले. लक्षात घ्या राजेहो, ज्याला आपण आरामाची चीज म्हणतो, ती रणगाड्यात बसून लढाईला जाऊन आलीय.

पण स्पोर्ट्स कारवाले तेव्हा हसले, आणि त्यांचं हसणं बरोबर होतं. त्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनची ताकद तेलातून चाकांकडे जायची. वाटेत थोडी ताकद वाया जायची, गिअर रमतगमत बदलायचा आणि पेट्रोलही जास्त लागायचं. चांगला ड्रायव्हर हाताने गिअर टाकून सहज पुढे निघून जायचा. तुमच्या मित्रांचं मत तिथलं आहे. काही दशकं शिळं आहे, एवढंच.

हिशेब बदलला तो डबल क्लचमुळे. बाबांचा नाही, हा वेगळा. यात खरोखरचे दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. गाडी तिसऱ्यात असतानाच चौथा जुळून तयार बसलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, काम झालं. ही कल्पना अ‍ॅडॉल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच इंजिनिअरची, तीही १९३९ च्याच सुमाराची. पण ती नीट चालवायला लागणारा मेंदू, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, तेव्हा नव्हतं. १९८० च्या दशकात पोर्शने ती रेसिंगच्या गाड्यांत आणली आणि १९८६ मध्ये मोंझाची शर्यत जिंकून दाखवली. १९८९ मध्ये ब्राझीलच्या फॉर्म्युला वन शर्यतीत नायजेल मॅन्सेल स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी फेरारी घेऊन उतरला. नवं गिअरबॉक्स चाचण्यांत सारखं बिघडायचं, गाडी शर्यत पूर्ण करेल असं फार कुणाला वाटत नव्हतं. तो जिंकला. काही वर्षांत फॉर्म्युला वनमधून हाताने टाकायचा गिअर गेलाच. २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर३२ मध्ये डबल क्लच, म्हणजे डीएसजी, दिला आणि ही गोष्ट दुकानात विकत मिळू लागली. सचिन तेंडुलकरकडची निसान जीटी-आर आठवते? त्या पिढीची जीटी-आर मॅन्युअलमध्ये बनलीच नाही.

आता महाराष्ट्रात या. आपल्याकडे ही लढाई पुणे जिल्ह्यातल्या दोन कारखान्यांत झाली. चाकणला फोक्सवॅगनने २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय काढली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस आणि सात गिअरचा डीएसजी. मॅन्युअल हवी म्हणाल तर नाही. रांजणगावला फियाटने २०१५ मध्ये अबार्थ पुंटो काढली. १.४ लिटर टर्बो, १४५ एचपी, पाच गिअर, मॅन्युअल. ऑटोमॅटिक हवी म्हणाल तर नाही. दोन्ही कंपन्यांनी गिऱ्हाइकाला निवड करूच दिली नाही, स्वतःच करून टाकली.

तिकडे संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातल्या स्कोडाच्या ऑक्टाविया आरएसमध्ये तर हा प्रवास एकाच नावाखाली दिसतो. २००४ ची आरएस मॅन्युअल. २०११ ची लॉरा आरएस मॅन्युअल. २०१७ ची ऑक्टाविया आरएस आली, २३० पीएसची, आणि भारतात फक्त डीएसजी. कुणी जाहीर केलं नाही, पण क्लचचं पेडल गेलं.

याच्या उलटही घडलंय, तेही ऐका. २०१३ मध्ये पोर्शने ९११ जीटी३ फक्त ऑटोमॅटिक काढली. आधीच्यापेक्षा वेगवान होती, तरी चाहते चिडले. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, फक्त ९९१ गाड्या, आणि लोक तुटून पडले. पुढच्या वर्षी जीटी३ लाही मॅन्युअल परत मिळाली. इथे वेगाचा प्रश्नच उरला नव्हता. लोकांना हाताला काम हवं होतं. मला हे पटतं, पण ते शौक म्हणून. त्यात मर्दुमकी कसली?

आता आपल्या पोराचा प्रश्न. दादा, मित्रांचं सोड, दुसरं बघ. पोलोतला तो सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. याच जातीच्या गिअरबॉक्समध्ये गरम, दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे बिघाड होतो म्हणून फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांचं तेल बदलून द्यायचं ठरवलं होतं. आपल्याकडचा मे महिना तुला माहीतच आहे. म्हणून आधी त्या गाडीचं सर्व्हिस रेकॉर्ड बघ. गिअरबॉक्सचं काय काम झालंय ते कागदावर हवं. कागद नसेल तर कितीही चकाचक असली तरी सोडून दे, कारण ते काम मूलच्या नाक्यावरचा मिस्त्री करणार नाही, गाडी नागपूरला न्यावी लागेल.

अबार्थची क्लच प्लेट तो मिस्त्री बदलेल. पण फियाटने भारतात गाड्या विकणं २०१९ मध्येच थांबवलं, पोलोही २०२२ मध्ये बंद झाली. पार्ट शोधायची तयारी दोन्हीकडे हवी, अबार्थला जास्त. मी असतो तर कागद नीट असलेली पोलो घेतली असती. आणि हसणाऱ्यांना एकदा दुर्गापूरच्या कोळसा खाणीकडे नेलं असतं. खुल्या खाणीतले ते घराएवढे डंपर बघा. त्या मोठ्या डंपरांना ऑटोमॅटिकच असतं. डंपरवाल्याला स्कूटी म्हणून दाखवा म्हणावं.

बाबांचा डावा गुडघा आता वाकत नाही. दिवाळीत भावाची ऑटोमॅटिक गाडी अंगणात होती, त्यांना म्हटलं बसा. बसले, गाडी दोन हात पुढे सरकली, आणि सवयीने डावा पाय क्लच शोधत जोरात ब्रेकवर पडला. गाडी जागेवरच थबकली, मागच्या सीटवरचा चिवड्याचा डबा खाली. बाबांनी वाकून पायाशी बघितलं आणि म्हणाले, "अन् क्लच कुठं गेला गा?"

मग डावा पाय बाजूला ठेवला आणि गाडी गेटबाहेर काढली. चांदा-मूल रस्त्याने अर्धा तास फिरून आले.