लठ्ठपणा आणि वंध्यत्व

लठ्ठपणा आणि वंध्यत्व : अंगातल्या जादा चरबीचा पाळी, बीजनिर्मिती, गर्भधारणा आणि बाळंतपण यांवर होणारा परिणाम. वर्षभर संबंध असून, गर्भनिरोधक न वापरताही दिवस राहिले नाहीत तर त्याला वंध्यत्व म्हणतात. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच तपासणी करून घ्यावी.

कऱ्हाकाठच्या जिरायतीत काय किंवा नीरा डाव्या कालव्याखालच्या बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात काय, ‘लठ्ठ’ म्हटले की अंग सुटलेली बाई डोळ्यांपुढे येते. पण हातपाय काटक असूनही पोटात चरबी साठलेली असू शकते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, तरीही आपल्या किरकोळ बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ मध्ये याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सारखाच, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

म्हणून भारतीयांसाठी मर्यादा खाली आणल्या आहेत : इंडेक्स २३ ला जादा वजन, २५ ला लठ्ठपणा. पाच फूट उंचीची बाई ५८ किलोंनाच लठ्ठपणाच्या रेषेवर येते. कंबर बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत असावी. मोजताना परकराची नाडी सैल करून निऱ्या खाली सरकवाव्यात, टेप उघड्या पोटावर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरावी आणि श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढू नये.

पोटातली चरबी वाढली की इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, मग स्वादुपिंड ते जास्त सोडते. हे जादा इन्सुलिन बीजकोशाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. बीज पिकत नाही, पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात. ‘पीसीओडी’ म्हणतात तो हाच विकार. तो सडपातळ मुलींनाही होतो, चरबीने बळावतो. त्याची एक खूण मानेवर दिसते : काळपट, मखमलीसारखा पट्टा. मळ समजून पोरी तो घासून घासून कातडी सोलून घेतात. तो मळ नव्हे, बहुधा जादा इन्सुलिनची खूण आहे. तिथे साबण नको, तपासणी हवी.

चरबीत इस्ट्रोजेनही तयार होते. पाळी तुंबून राहिली की या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते, पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे मूल नको असले तरी लांबलेली पाळी अंगावर काढू नये. दिवस राहिल्यावर गर्भपात, रक्तदाब, गरोदरपणातला मधुमेह आणि सिझेरियन यांची शक्यता वाढते.

पाच ते दहा टक्के वजन उतरले तरी अनेकींचे बीज पुन्हा सुटू लागते. साठ किलोंच्या बाईला हे तीन ते सहा किलो. मात्र ‘आधी वजन उतरव, मग ये’ एवढेच सांगून बाईला परत धाडणे हे उपचार नव्हेत. बीज पिकवणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या आहेत, आणि वयही थांबत नाही. वजन उतरवण्याची सेमाग्लुटाइडची इंजेक्शने घेत असल्यास ती गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी बंद करावी लागतात.

दोष बाईच्या माथी मारण्याची चाल तर सोडलीच पाहिजे. पुरुषाच्या पोटावरची चरबीही टेस्टोस्टेरॉन घटवते, मांड्यांमधली ऊब वाढवते, शुक्रजंतू कमी आणि मंद होतात. त्याची वीर्यतपासणी स्वस्त आणि बिनदुखण्याची. ती सुनेला दवाखान्याच्या खेपा घालायला लावण्याआधी व्हावी. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून त्याने वजन उतरवायला घेतले तर पुढची तपासणी तीन महिन्यांनी करावी.