महाभारताची चिकित्सक आवृत्ती आणि संशोधनकार्याचे मोजमाप

देवबागपासून जवळच असलेल्या मालवण येथे ६ जुलै १८३७ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म झाला. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी पुण्यास त्यांच्या नावाचे प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले व १ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्याच हस्ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ झाला. हे कार्य एकट्या पंडिताचे नव्हते. पुण्याप्रमाणेच शांतिनिकेतन व तंजावर येथेही अनेक जण निरनिराळ्या लिपींतील पोथ्या ताडून पाठभेद टिपीत असत. अशा सामुदायिक बौद्धिक श्रमांचे माप कोणते धरावे, हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कार्यास एक लाख रुपये देऊ केले होते. आश्रयदात्यास प्रगती दाखविणे भागच होते.

सर्वांत सोपे माप प्रकाशित पर्वांचे. त्या मापाने डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांची कारकीर्द उणी ठरते. १९२५ मध्ये त्यांनी प्रमुख संपादकत्व स्वीकारले आणि आदिपर्व पूर्ण होण्यास १९३३ साल उजाडले. २१ जानेवारी १९४३ रोजी ते निवर्तले, तोवर अठरांपैकी आदि, विराट, उद्योग व आरण्यक एवढीच पर्वे हातावेगळी झाली होती. उरलेली चौदा १९६६ पर्यंतच्या तेवीस वर्षांत पूर्ण झाली. यावरून उत्तरकालीन मंडळी अधिक कार्यक्षम होती असे अनुमान काढणे म्हणजे चिमुकले मौसलपर्व आणि विस्तीर्ण शांतिपर्व एकाच तागडीत तोलणे होय. शिवाय ज्या पद्धतीमुळे पुढील काम सुकर झाले, ती पद्धती आदिपर्वाच्या त्या संथ वाटणाऱ्या वर्षांतच सिद्ध झाली होती.

पोथ्यांची संख्या हे दुसरे माप, तेही फसवेच. देवनागरी पोथ्या विपुल, परंतु त्यांतील बहुतेकांत निरनिराळ्या परंपरांचे पाठ मिसळलेले. उलट काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथ्या मोजक्याच, पण पाठनिर्णयात त्यांचे वजन मोठे. बहुमताने पाठ ठरविला असता, तर सर्वाधिक नकलला गेलेला पाठच ग्राह्य ठरता.

या मंडळाने स्वीकारलेली खरी कसोटी छापील पृष्ठावरच दिसते. त्याज्य ठरविलेले पाठ तळाशी दिलेले आहेत आणि जेथे संपादकाची खात्री नाही, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. एखाद्या वार्षिक अहवालात अशा रेघांची मोजदाद कोणी केली असती, तर तिचा अर्थ उणीव असाच लावला गेला असता. वस्तुतः वाचकाला निर्णय पारखता यावा यासाठीच ती योजना होती.

ती पारख लवकरच झाली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून एक प्राचीन तालपत्र पोथी उपलब्ध झाली. संपादनाच्या वेळी ती कोणाच्याही हाती नव्हती. सुखठणकरांनी ती आपल्या छापील संहितेशी ताडून पाहिली, तेव्हा त्यांनी प्रक्षिप्त म्हणून वगळलेले कित्येक श्लोक तिच्यातही नव्हते आणि केवळ तर्काने सुचविलेल्या काही पाठांना तिच्यात आधार सापडला.