वाचकाचे मत : लोकप्रिय कादंबरीच्या इतिहासाचे एक साधन

एखादी कादंबरी वाचून संपली की आपण मित्राला लगेच सांगतो : "वाच, मस्त आहे," किंवा "शेवट फसला." हे मत बहुधा हवेतच विरून जाते. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या वाचकाला काय आवडले आणि काय खटकले, हे आज कसे कळणार? या पाठात आपण तीन भारतीय भाषांमधल्या तीन कादंबऱ्यांच्या आधारे हा प्रश्न पाहू.

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते आधी समजून घ्या. साहित्याचा इतिहास बहुतेक वेळा समीक्षक लिहितात. ज्या पुस्तकांना ते साहित्य मानत नाहीत, त्यांना फार तर एखादी ओळ मिळते. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्या वाचल्या, पण वाङ्मयेतिहासात त्यांना मिळालेली जागा पाहा. वाचकाचे मत वगळले की लाखो लोकांनी वेचलेला वेळ आणि घेतलेला आनंदही इतिहासातून वगळला जातो.

१. साधने कोणती?

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे प्रयोग करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारतात : मोजायचे कशाने, आणि त्या मापनात त्रुटी किती? इथेही तेच विचारू.

पहिले साधन सरकारी आहे. १८६७ च्या २५ व्या कायद्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद होऊ लागली. नाव, लेखक, पृष्ठे, किंमत, आवृत्ती आणि छापलेल्या प्रतींची संख्या त्यात असे. एखाद्या कादंबरीची दुसरी आवृत्ती लवकर निघाली, तर पहिली खपली असा अंदाज बांधता येतो. पण इथे त्रुटी आहे. खप म्हणजे वाचन नव्हे, आणि वाचन म्हणजे पसंती नव्हे. उलट, एक प्रत घरात मोठ्याने वाचली जाई आणि दहा जण ऐकत. १९०१ च्या जनगणनेत साक्षरांचे प्रमाण शंभरांत सहाहूनही कमी होते. त्यामुळे ऐकणाऱ्या 'वाचकां'ना विसरून चालणार नाही.

दुसरे साधन म्हणजे लेखकांच्या प्रस्तावना आणि उपसंहार. तिसरे, नियतकालिकांकडे येणारी पत्रे. चौथे, समीक्षकांची लिहून ठेवलेली मते. यांपैकी कोणतेही एकटे पुरेसे नाही.

२. 'चंद्रकांता' : वाचक घडवणारी कादंबरी

देवकीनंदन खत्री (१८६१-१९१३) यांची 'चंद्रकांता' १८८० च्या दशकाच्या अखेरीस बनारसहून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली. वेष बदलणारे ऐयार, कुलपांमागे कुलपे असलेले तिलिस्म, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अर्धवट सुटलेले कोडे. पुढे 'चंद्रकांता संतति'चे २४ भाग निघाले. लोक विकत घेत नसते, तर एवढे भाग छापण्याचा खर्च कोणी केला नसता. हा पुरावा साधा आहे, पण भक्कम आहे.

त्या वेळच्या उत्तर हिंदुस्थानात न्यायालयांत आणि शिक्षणात उर्दू लिपीचे वजन होते. नागरी लिपीला तिथल्या न्यायालयांत परवानगी मिळाली ती १९०० साली. अशा काळात 'चंद्रकांता' वाचण्यासाठी अनेक जण हिंदी शिकले, असे सांगतात. हे नोंदवणाऱ्यांत आचार्य रामचंद्र शुक्ल आहेत. आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात खत्रींनी जितके वाचक निर्माण केले तितके दुसऱ्या कोणी केले नाहीत, असे श्रेय ते देतात. मात्र त्याच जागी या कादंबऱ्यांना खऱ्या साहित्यात ते धरत नाहीत.

इथे थांबून विचार करा. "अनेक जण हिंदी शिकले" हे विधान आपल्यापर्यंत समीक्षकाच्या लेखणीतून आले आहे. किती जण, कुठले, हे मोजलेले नाही. पण शुक्ल काही या कादंबऱ्यांचे चाहते नव्हते. ज्याला एखादी गोष्ट फारशी पटत नाही, त्याने तिच्या लोकप्रियतेची कबुली दिली तर त्या साक्षीचे वजन वाढते. इतिहासाच्या अभ्यासात ही कसोटी नेहमी लावून पाहा.

३. 'इंदुलेखा' : वाचकाच्या मताविरुद्ध केलेला प्रयोग

आता वेगळे उदाहरण. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' मराठीत आली. आपल्या लोकांच्या विवाहाच्या चालीरीती अशा आहेत की त्यांच्या रोजच्या आयुष्यात रंजक असे काही मिळत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते, अशा आशयाचे कारण त्यांनी प्रस्तावनेत दिले. म्हणजे वाचकाला काय रुचेल याचा लेखकाने बांधलेला हा अंदाज होता.

बरोबर हाच अंदाज ओ. चंदु मेनन यांनी मलबारमध्ये तपासून पाहिला. त्यांना इंग्रजी कादंबऱ्यांचे वेड होते. घरच्या मंडळींना ते त्या मलयाळममध्ये तोंडी सांगत. डिझरायलीची एक कादंबरी भाषांतरित करण्याचा प्रयत्न त्यांनी केला, पण तो सोडून दिला आणि स्वतःचीच कथा लिहिली. अशक्य घटना नसलेली, आपल्यासारख्याच माणसांची गोष्ट कोण वाचणार, असे लोकांनी विचारल्याचे त्यांच्या प्रस्तावनेतून दिसते. १८८९ च्या अखेरीस 'इंदुलेखा' प्रसिद्ध झाली आणि पहिली आवृत्ती काही महिन्यांतच संपली. १८९० मध्ये तिचे इंग्रजी भाषांतरही आले.

म्हणजे वाचक "आम्हाला अद्भुतच हवे" असे म्हणत होता, ते दुसरे काही मिळालेच नव्हते म्हणून. न वाचलेल्या पुस्तकाविषयीचे मत आणि वाचलेल्या पुस्तकाविषयीचे मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळे काही आवडले असेही नाही. १८ व्या प्रकरणात धर्म आणि काँग्रेस यांवर लांबलचक वाद आहे. तो कथेत अडथळा आणतो, हा आक्षेप आजवर घेतला जातो. आज इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तेच प्रकरण सर्वांत मोलाचे वाटते. मत काळाबरोबर बदलते, ते असे.

४. 'पोन्नियिन सेल्वन' : लेखकाला उत्तर द्यायला लावणारा वाचक

तिसरे उदाहरण तमिळमधले आहे. 'कल्की' रा. कृष्णमूर्ती यांनी चोळ राजवटीवरची ही कादंबरी १९५० ते १९५४ या काळात आपल्या 'कल्की' साप्ताहिकात क्रमशः छापली. क्रमशः छापल्या जाणाऱ्या कादंबरीत वाचक दर आठवड्याला वाट पाहतो, तर्क लढवतो, पत्र लिहितो. कादंबरी संपली तेव्हा अनेकांची तक्रार होती की ती अचानक थांबली. अमक्याचे पुढे काय झाले? तमक्याचे लग्न कोणाशी लागले? तेव्हा कल्कींनी उपसंहार लिहिला. वाचकांच्या शंका मांडल्या, पात्रांचे पुढे काय झाले ते सांगितले आणि कथा तिथे का थांबवली याची कारणे दिली.

एरवी विरून जाणारी वाचकाची मते इथे पुस्तकाचा भाग होऊन टिकली. त्यांवरून वाचकाचा ओढा कशाकडे होता तेही दिसते. राजा कोण झाला हे इतिहासात लिहिलेलेच आहे, वाचकाला हवी होती ती माणसांची पुढची गोष्ट.

५. कोणाचे मत उरले नाही?

नमुना एकांगी असेल तर निष्कर्ष चुकतो, हे संख्याशास्त्रात तुम्ही शिकला आहात. पत्र लिहिणारा वाचक साक्षर, बहुधा शहरी, आणि सुरुवातीच्या काळात बहुतांशी पुरुष होता. १९०१ मध्ये शंभर स्त्रियांत एकसुद्धा साक्षर नव्हती. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात येत होती. तिच्यात यमू ही विधवा स्वतःची हकीकत सांगते. पण घरोघरच्या ज्या बायकांची ही गोष्ट होती, त्यांनी ती ऐकून काय म्हटले याच्या नोंदी फारच थोड्या. पुरावा नाही म्हणून मत नव्हते, असे मात्र समजू नका.

आज तुम्ही पुस्तकाला पाच तारे देता आणि पुढे जाता. शंभर वर्षांनी कोणी ते तारे पाहिले, तर त्याला काय कळेल? 'चंद्रकांता'च्या खपावरून जेवढे कळते, साधारण तेवढेच : आवडली. का आवडली, कोणत्या पानावर झोप उडाली, काय पटले नाही, हे तुम्ही चार वाक्यांत लिहिले तरच उरेल.

स्वाध्याय

१. प्रतींच्या संख्येवरून लोकप्रियता ठरवताना कोणत्या दोन चुका संभवतात?
२. शुक्ल यांची साक्ष अधिक विश्वसनीय का मानावी? तिची मर्यादा कोणती?
३. रिसबूड आणि चंदु मेनन यांच्या प्रस्तावनांतील वाचकाविषयीच्या कल्पनांची तुलना करा.
४. नुकतीच वाचलेली कोणतीही लोकप्रिय कादंबरी घ्या. आपल्या मातृभाषेत १५० शब्दांत मत लिहा. मग घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीला तिच्या तरुणपणी आवडलेल्या कादंबरीविषयी विचारा, आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत, तारीख घालून उतरवून ठेवा.