घरगुती वीजबचतीतील पहिला खर्च : ‘बचत लॅम्प’ ते ‘उजाला’

घरगुती वीजबचतीच्या भारतीय इतिहासात बचतीपेक्षा पहिल्या खर्चाचा प्रश्न निर्णायक ठरला. ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याऐवजी ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावल्यास वर्षाला सुमारे ९३ युनिट वीज वाचते. परंतु महाग दिवा आधी विकत घ्यावा कोणी? २००९ च्या ‘बचत लॅम्प योजने’त सीएफएल दिवा १५ रुपयांत देऊन उर्वरित किंमत कार्बन श्रेयांच्या विक्रीतून वसूल व्हावयाची होती. २०१२ च्या सुमारास श्रेयांचे भाव कोसळले आणि योजनेचा आधारच नाहीसा झाला. गृहिणीच्या वीजबिलाची सांगड परदेशी बाजाराशी घालणे मुळातच धाडसाचे होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ने घाऊक खरेदीचा मार्ग धरला. २०१४ मधील ३१० रुपयांचा खरेदीदर २०१६ मध्ये ३८ रुपयांवर उतरला. अनेक ठिकाणी ग्राहकास दिव्याची किंमत वीजबिलातून हप्त्याने फेडता येई. यासाठी सरकारी अनुदान नव्हते, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते.